एक टाकी, दोन टाक्या आणि एकशेआठ लिटर

२ फेब्रुवारी, रविवार

बॉयलरवर होतो तेव्हा दर तासाला लिहायचो. प्रेशर किती, पाणी किती, धूर काळा की पांढरा. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझा धूर कुठल्या रंगाचा आहे हे कोणी विचारलेलं नाही. आज सोसायटीनं काम दिलं, म्हणून ही नवी वही.

काम पाण्याचं. मोशीला राहायला आलो तेव्हापासून बोअरचं पाणी पितोय, म्हणजे जवळजवळ दगडच पितोय. नळाला पांढरी दाढी येते, गीझर वर्षभर टिकला तर पेढे वाटावेत, आणि डाळ शिजायच्या आधी गॅस संपतो. शेवटी चौसष्ट घरांनी मिळून सॉफ्टनर घ्यायचं ठरवलं. सॉफ्टनर म्हणजे एक उभी टाकी. तिच्यात मोहरीएवढे दाणे असतात, ते पाण्यातला क्षार धरून ठेवतात. धरून धरून दमले की त्यांना दोन तास मिठाच्या पाण्यानं आंघोळ घालायची, की पुन्हा ताजे.

प्रश्न एवढाच, की टाकी एक घ्यायची की दोन? एकच घेतली तर त्या दोन तासांत मऊ पाणी बंद. दोन घेतल्या तर एक आंघोळीला, दुसरी कामावर.

माझं म्हणणं, एक बास. गच्चीवरच्या मोठ्या टाकीत मऊ पाणी साठलेलं असतं, दोन तास ते पुरतं. भोसरीच्या कंपनीत मी एकतीस वर्षं एका टाकीवर बॉयलर चालवला.

दौलतराव उभे राहिले. एकोणीस वर्षांचे शेजारी, पेंट शॉपचे निवृत्त सुपरवायझर. म्हणाले, "दोन टाक्या! लाइन थांबता कामा नये."

"अहो, इथं कुठली लाइन आहे?"

"बाथरूमची. सकाळी सहाला माझ्या घरी येऊन बघा."

हशा झाला. मग आमचा सेक्रेटरी शार्दूल, चांगला मुलगा, इंजिनिअर, लॅपटॉप मिटून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण तुमच्याकडं डिप्लोमा नाही. बाहेरचा सल्लागार बोलावू या."

राग नाही आला. पण कान गरम झाले. सातवी पास माणसानं हे सगळं बॉयलरशेजारी उभं राहून शिकलं, त्याचा कागद कुठून आणू? मी म्हटलं, "गच्चीवर लहानशी टाकी करून दाखवतो. किती दिवस चालेल ते आधी लिहून देतो. तेवढीच चालली तर माझं ऐका. नाही चालली तर दोन घ्या, आणि यापुढं पाण्याबद्दल मी तोंड उघडणार नाही."

ठराव झाला. निकाल दोन मार्चच्या सर्वसाधारण सभेत.

घरी येताना गणित पुन्हा करून बघितलं. गणित बरोबर आहे, पण पैज मोठी लागली.

५ फेब्रुवारी, बुधवार

डेमो उभा राहिला. जाड पाइपाची पाच फुटी नळकांडी, आत दहा लिटर दाणे. वरच्या टाकीतून पाणी येतं, मऊ होऊन खाली निळ्या पिंपात पडतं. आपल्या पाण्याचा जडपणा आठशे, म्हणजे दाणे सव्वासहाशे लिटरला दमणार. रोज सकाळी मी मोजून पाच बादल्या, म्हणजे शंभर लिटर काढणार. जिने धुवायला. म्हणजे टाकी सहा दिवस चालणार. असं लिहून शार्दूलकडं दिलं. पाटीही लावली: "चाचणी चालू आहे. हात लावू नये. हुकमावरून, चाचणी प्रमुख."

विशेष म्हणजे आज गिरजा गच्चीवर आली. बेचाळीस वर्षांत हिनं माझ्या कुठल्या यंत्राकडं वळून बघितलं नव्हतं. हात धुतले, खूप वेळ धुतले. म्हणाली, "अहो, साबण जातच नाही."

"हीच तर खूण मऊ पाण्याची."

"केसांना चालतं?"

"केसांना, डाळीला, बॉयलरला. सगळ्यांना."

मग गच्चीची किल्ली कुठं ठेवता, विचारलं. म्हटलं, देवघराजवळच्या खिळ्याला. तुम्ही दुपारी किती वाजेपर्यंत झोपता, तेही विचारलं. दीड ते साडेतीन, तिला ठाऊक आहे, तरी पक्कं करून घेतलं. नवऱ्याच्या प्रकृतीची चौकशी. या वयात प्रेम वाढतं म्हणतात, ते खरं असावं.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाईट दिवस.

पाणी तपासायची माझी पद्धत सोपी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. निळं झालं तर मऊ, लाल झालं तर जड. आज सकाळी लाल. साधंसुधं नाही, कुंकवासारखं लाल. सहा दिवस चालणारी टाकी तीन दिवसांत संपली!

मिठात खोट असेल. दुकानदार दाणेदार मीठ म्हणून काहीही देतात. पुन्हा मिठाची आंघोळ घातली. उद्यापासून दुसरी फेरी.

एक बरी गोष्ट लिहून ठेवतो. आपल्या बिल्डिंगमधल्या भाड्यानं राहणाऱ्या पोरी, चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या कामाला जातात, तिसऱ्या पाळीच्या. लोक त्यांच्याबद्दल काहीबाही बोलतात. पण आज पावणेचारला चहा घेऊन दारात उभा होतो, तर चारजणी जिन्यानं खाली आल्या. सगळ्यांचे केस ओले, खांद्यावर पंचा. मला "नमस्कार काका" म्हणाल्या. गच्चीवर देवदर्शनाला जावं तशा न्हाऊन-धुऊन जातात. असे संस्कार आजकाल कुठं दिसतात?

१२ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा तिसऱ्या दिवशी संपली. पुन्हा लाल.

दाणे बदलले नाहीत, मीठ बदललं. म्हणजे दोष मिठाचा नाही. माझा असेल? दुपारी जेवताना सगळं गणित ताटावर बोटानं पुन्हा मांडलं. गिरजा म्हणाली, "आमटी गार होतेय." उत्तर तेच आलं. सव्वासहाशे लिटर.

सोसायटीत आता दोन पक्ष पडलेत. एकटाकीवाले भेटले की एक बोट वर करतात, दोनटाकीवाले दोन. काल लिफ्टमध्ये कोणाकडं तरी आलेला पाहुणा दुसऱ्या मजल्यावर जायचंय म्हणून दोन बोटं दाखवत होता. दौलतरावांनी त्याला मिठी मारली, घरी नेऊन पोहे खायला घातले. त्याला ज्यांच्याकडं जायचं होतं ते एकटाकीवाले. ते अर्धा तास दार उघडं ठेवून वाट बघत बसले.

दौलतराव सकाळी फिरायला माझ्याबरोबर येत नाहीत. आज रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालले होते. मी हात केला, त्यांनी दोन बोटं केली.

घरात अलीकडं काय काय येतंय. जिंतूरची ज्वारी, तीन किलो. एक बरणी कारळ्याची चटणी. शेवग्याच्या शेंगा. रिठे तर पोतंभर. गिरजाला विचारलं तर म्हणाली, "देतात लोक." लोक चांगले आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शार्दूलनं सुचवलं होतं, की काका, पिंपाच्या तोटीला मीटर लावा. मला ते लागलं होतं. एकतीस वर्षं बादलीच्या आवाजावरून लिटर सांगणारा माणूस मी. पण शुक्रवारी मुकाट्यानं लावला.

आज तिसरा दिवस संपला आणि पाणी लाल. मीटर बघितला. सहाशे चोवीस.

खाली बसलोच. मी काढलं होतं तीनशे. मग वरचं तीनशे चोवीस लिटर कुठं गेलं? रोजचं एकशेआठ! पाइप गळत नाही, गच्ची कोरडी. नाही, मोरीजवळ थोडी ओल असते, पण ती कबुतरांची असावी.

म्हणजे माझं गणित बरोबर होतं. टाकी सव्वासहाशे लिटर चालली, अगदी सांगितल्याप्रमाणं. कोणीतरी रोज एकशेआठ लिटर मऊ पाणी चोरतंय!

इतका आनंद झाला की पेढे आणावेसे वाटले. मग वाटलं, चोरी झाली म्हणून पेढे वाटणारा मीच पहिला असेन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: "गच्चीवरील चाचणीतून रोज १०८ लिटर मऊ पाणी चोरीला जात आहे. चोर कोणीही असो, त्याचे नाव मी २ मार्चच्या सभेत जाहीर करीन. हा माझा शब्द आहे."

लगेच सत्तावन्न अंगठे आले. दौलतरावांनी लिहिलं, "दोन टाक्या असत्या तर चोरालाही पुरलं असतं."

गिरजानं चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "नाव घेणारच का?"

"घेणारच. सख्खा भाऊ असला तरी."

"बरं." मग थोड्या वेळानं, "आणि पकडणार कधी?"

"दुपारीच येत असणार. मी झोपतो हे त्याला माहीत आहे. गुरुवारी जागाच राहतो."

"बरं," म्हणाली आणि हरभऱ्याची डाळ भिजत घालायला गेली. सण नाही, वार नाही. 

२० फेब्रुवारी, गुरुवार

काय योग बघा. आज पहारा, आणि आजच पुरणपोळी! वर तूप, कटाची आमटी. "दमलाय तुम्ही," म्हणाली. पाच पोळ्या झाल्या. पहाऱ्याला जायला काठी हातात घेतली, पाच मिनिटं टेकावं म्हटलं. उठलो तेव्हा चार वाजले होते. काठी तशीच हातात.

मीटर बघितला. एकशेआठ.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

श्रीखंड-पुरी. पावणेचारला जाग आली. एकशेआठ.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल बासुंदी. आज जिंतूरच्या ज्वारीची भाकरी आणि मटण. गिरजा म्हणते, चोर पकडायचा तर अंगात ताकद हवी. इतकं प्रेमानं वाढते की नाही म्हणवत नाही. पण रोज दुपारी मी असा पडतो, जसा कोणी भोंगा वाजवून मेन स्विच बंद केलाय.

चोर हुशार आहे. बरोबर माझ्या जेवणाची वेळ साधतो. घरातलंच कोणीतरी त्याला बातमी देत असावं असं वाटावं, इतका नेम. पण घरात तर आम्ही दोघंच.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

आज निर्जळी. गिरजा म्हणाली, "साबुदाण्याची खिचडी तरी घ्या, वर दही." नाही म्हटलं. "रताळ्याचा शिरा?" नाही. "थोडं केळं?" नाही. तिचा चेहरा उतरला. बायकोचा जीव असतो.

दीड वाजता आडवा झालो. पोट रिकामं, डोळे टक्क उघडे. ती दारातून दोनदा वाकून बघून गेली, तेव्हा मात्र डोळे मिटून घेतले, तिला काळजी नको म्हणून. मग देवघराजवळ किल्लीचा आवाज झाला. दार लागलं.

काठी घेतली, चप्पल घातली नाही, वर गेलो.

पाहिलं ते आहे तसं लिहितो.

माझ्या पाटीवर तीन पंचे वाळत होते. "हात लावू नये" त्यांच्याखाली गेलं होतं. मोरीजवळ उलट्या क्रेटवर एक पोरगी मान खाली घालून बसलेली. गिरजा कासोटा खोचून तिच्या डोक्यावर माझ्या पिंपातलं पाणी ओततेय, दुसऱ्या हातानं रिठ्याचा फेस चोळतेय. बाकीच्या उन्हात केस पसरून बसल्या होत्या. दोघीजणी मला बघताच तोंडावर पंचा ओढून टाकीमागं पळाल्या. एकीच्या पायात ऋताची, म्हणजे शार्दूलच्या बायकोची, तसली चप्पल होती. दुसरी वयस्कर होती, पळताना दौलतरावांच्या मंडळींसारखी डावीकडं झुकत होती. आजकाल सगळ्या सारख्याच दिसतात. मी पुरुषमाणूस, नीट बघितलं नाही.

क्रेटवरची मिनल होती, जिंतूरची. डोळ्यांत फेस गेलेला, तशीच म्हणाली, "अगं बाई, काका तुम्ही आज झोपले नाहीत का काय?"

गिरजा सरळ उभी राहिली. हातातून पाणी ठिबकत होतं. मी विचारलं, "किती जणी?"

"नऊ."

"एकीला पाणी किती?"

"बारा तांबे. माझा तांबा लिटरचा आहे."

नऊ बारं एकशेआठ! माझ्या हातून काठी पडली. "बरोबर!" मी ओरडलो. "बरोबर! एक थेंब इकडंतिकडं नाही!" मी मिनलच्या फेसाळ डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. एक हळूच म्हणाली, "काकांना उपास सोसला नाही."

"रोज नऊच का?" मी विचारलं.

"तुम्ही साडेतीनला उठता. एकीला बारा-तेरा मिनिटं लागतात. नऊच बसतात. आठवड्याला दोनदा नंबर येतो, तीसेक जणी आहेत."

वा! काय सायकल टाइम! आमच्या कंपनीच्या मॅनेजरला हे कधी जमलं नव्हतं.

मग गिरजा म्हणाली, "जानेवारीत ही मिनल जिन्यात रडत बसली होती. हातात केसांचा हा एवढा पुंजका. म्हणे इथल्या पाण्यानं टक्कल पडेल, आईला फोनवर तोंड दाखवत नाही. आणि तुम्ही मऊ पाणी कशाला वापरता, तर जिने धुवायला. जिन्यांना केस आहेत का?"

काठी उचलली. खाली आलो. आनंद ओसरला तेव्हा आठवलं, की चोराचं नाव जाहीर करायचा शब्द मी दिलाय. चौसष्ट घरांना. लेखी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गिरजाला म्हटलं, "आता काय करायचं?"

"सांगा नाव. मला काय त्याचं?" ती शेंगा सोलत होती. "फक्त पोरींची नावं घेऊ नका. आधीच लोक त्यांच्यावर डोळा ठेवून आहेत. घरमालक खोल्या रिकाम्या करायला लावतील."

"पण बायकोला चोर म्हणू?"

"मग नका म्हणू. चाचणी फसली म्हणा."

"चाचणी फसली नाही! गणित बरोबर आहे!"

"तर मग काय ते तुम्हीच ठरवा. मला उद्या बारा तांबे जास्त लागणार आहेत, मिनलला शनिवारी बघायला येताहेत."

एकतीस वर्षं लॉगबुकात खोटी नोंद केली नाही. एकदा प्रेशर चढलं होतं आणि साहेब म्हणाले, कमी लिही. तरी लिहिलं नाही. चाचणी फसली म्हणालो तर खोटं, आणि वर सगळ्यांना नसती दुसरी टाकी. खरं सांगितलं तर गिरजा चोर. गप्प बसलो तर शब्द गेला. तीन वाटा, आणि तिन्हींवर पाणी लालच.

२ मार्च, रविवार

सभा पार्किंगमध्ये. खुर्च्यांच्या दोन बाजू, मधून वाट. डावीकडं एकटाकीवाले, उजवीकडं दोनटाकीवाले. भाडेकरूंना मत नाही, म्हणून पोरी मागं स्कूटरींजवळ उभ्या होत्या. शार्दूलनं आकडे पडद्यावर लावले आणि म्हणाला, "काका, तुमचा शब्द होता."

उभा राहिलो.  म्हटलं, "गणित बरोबर आहे. टाकी सव्वासहाशे लिटर चालली. जे लवकर संपलं ते चोरीमुळं. आणि चोर," इथं वही मिटली, "चोर मी आहे."

 शार्दूल म्हणाला, "काका, तुम्ही रोज एकशेआठ लिटर पाण्याचं काय करता?"

याचा विचारच केला नव्हता. तोंडातून निघालं, "केस धुतो."

माझ्या डोक्यावर अठ्ठ्याण्णव सालापासून एक केस नाही. शंभर-सव्वाशे माणसं माझ्या टकलाकडं बघत होती. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडला असावा, कारण पुढच्या रांगेतल्या एकानं डोळे बारीक केले. कोणी हसलं नाही. फार वाईट अवस्था होती ती.

दौलतराव हळूच म्हणाले, "साहेबराव, बसा. बरं वाटत नाही का?"

तेवढ्यात मागून गिरजा. "अहो, बसा खाली. तुम्हांला खोटं बोलता येत नाही तर कशाला त्रास घेता?" मग सगळ्यांकडं वळून, "पाणी मी घेतलं. केस धुवायला. माझ्या एकटीचे नाहीत. काय दंड असेल तो सांगा."

शार्दूलनं विचारलं, "काकू, आणखी कोणाचे?"

"ते नाही सांगणार."

पार्किंगमध्ये कुजबूज सुरू झाली. उजवीकडून एकजण म्हणाला, त्या भाड्याच्या पोरीच असणार, काढा त्यांना. मिनल मागं स्कूटरीला धरून उभी होती. तेव्हा पहिल्या रांगेतून ऋता उठली. नवऱ्याकडं बघत म्हणाली, "माझेपण बारा लिटर. बुधवारी आणि शनिवारी." शार्दूलचं तोंड उघडं ते उघडंच. मग दौलतरावांच्या मंडळी उठल्या, डावीकडं झुकत. "माझे बुधवार-रविवार." मग एकेक करून हात वर यायला लागले. डावीकडून, उजवीकडून, मागच्या स्कूटरींजवळून. मी मोजले. अठ्ठावीस. दोघी कामावर गेल्या होत्या, असं नंतर कळलं.

आणि मग पार्किंगमधल्या सगळ्या पुरुषांनी माना वळवून आपापल्या बायकांचे केस बघितले. दौलतराव तर उठून मागच्या बाजूनं जाऊन बघून आले. "अगं, किती चांगले झालेत," म्हणाले. "कधीपासून?"

"महिना होत आला," त्या म्हणाल्या. "तुम्ही टाक्यांमध्ये होता."

दौलतराव जागेवर आले, घसा साफ केला. "साहेबरावांचं गणित बरोबर होतं. जिच्यावर दुप्पट बोजा पडला ती टाकीसुद्धा शब्दाला जागली. एकच घ्या."

मला गहिवरून आलं. उभा राहून म्हटलं, "नाही दौलतराव, तुमच्या बाथरूमची लाइन थांबता कामा नये. दोन घ्या."

"एक!"

"दोन!"

"अहो, एक म्हणतोय ना मी!"

"एकोणीस वर्षांची ओळख आहे, मी दोनच म्हणणार!"

आमची इतकी जुंपली की दोन्ही बाजूंना आपण कोणाकडून आहोत ते कळेना. एकटाकीवाले दोन बोटं दाखवत होते, दोनटाकीवाले एक. शेवटी शार्दूलनं बायकांना मत द्यायला लावलं. एक टाकी. मिठाच्या आंघोळीची वेळ सकाळी अकरा ते एक, कारण दुपार राखून ठेवायची. चोरीचा विषय ठरावात आलाच नाही. डिप्लोम्याचाही नाही.

२० एप्रिल, रविवार

नवी टाकी बसून पंधरा दिवस झाले. रोज तपासतो, रोज निळं. चौसष्ट घरांत मऊ पाणी. नळांची दाढी गळतेय. दौलतराव सकाळी फिरायला येतात, सारा रस्ता दोन टाक्या कशा चांगल्या असत्या ते सांगतात. मिनलचं जमलं, मुलगा तळेगावला कामाला आहे.

कमिटीनं कळवलं, आता गच्चीवरचा डेमो काढून टाका. रास्त आहे. प्रत्येकीच्या बाथरूममध्ये तेच पाणी येतंय. म्हणून काल दुपारी जागा राहिलो, पाना-पक्कड घेऊन वर गेलो.

तर वर अकराजणी!

मला कळेना. म्हटलं, "पोरींनो, खाली मऊ पाणी आहे की." त्या म्हणाल्या, "हो काका." आणि नंबर धरून बसल्या. दोन्ही पाणी शेजारी शेजारी तपासलं. घरातलं निळं, डेमोचं निळं. एका छटेचा फरक नाही. म्हणजे पाणी हे कारण नव्हे. मग रिठे? ते तर कोणीही विकत आणू शकतं.

त्यातली इंद्रायणी म्हणून लातूरकडची पोरगी आहे, एकोणीस वर्षांची. तिनं तर मागच्या आठवड्यात केस मुलासारखे बारीक कापून घेतले. तिला दोन लिटर पुरतात. पण गिरजाच्या पुढ्यात बसते ती अर्धा तास, डोळे मिटून. गिरजा फेस केव्हाच धुऊन टाकते, तरी हात फिरवतच असते. त्यानं रांग खोळंबते. मी तसं म्हणालो, तर रांगेतलीच एक म्हणाली, "बसू द्या तिला, काका."

फार विचार केला. बारा-तेरा मिनिटांच्या कामाला आता वीस-वीस मिनिटं लागतात, पाणी तेवढंच, फरक काही नाही, आणि गर्दी वाढतेच आहे. याचं कारण माझ्या गणितात कुठंच बसत नाही. तपासायचं औषध जुनं झालं असेल. नवी बाटली मागवली.

कमिटीला लेखी कळवलं: "चाचणी अपूर्ण. कारण सापडेपर्यंत डेमो जागेवरून हलवू नये. साहेबराव, चाचणी प्रमुख."

गिरजाला वाचून दाखवलं. म्हटलं, "किती दिवस लागतील सांगता येत नाही."

ती पंचे घडी घालत होती. म्हणाली, "शोधा सावकाश. घाई कोणाला आहे?"